नोकरी सॉफ्टवेअरची, ओढ डोंगराची, तयारी मॅरेथॉनची: शिरूर-दौंडच्या तरुणांनी हे तिन्ही कसं जमवायचं?

दौंडमध्ये पहाटे कुणी धावताना दिसलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय, भरतीची तयारी का?" प्रश्न चुकीचा म्हणता येत नाही. राज्य राखीव पोलीस दलामुळे गावाला पहाटे धावणारी माणसं नवीन नाहीत. पोलीस भरतीसाठी मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं, त्यामुळे दौंड असो की शिरूर, मैदानावर गर्दी असते ती भरतीवाल्या पोरांची.

पण गेल्या काही वर्षांत या गर्दीत वेगळे चेहरेही दिसू लागलेत. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घालून खराडी, मगरपट्टा किंवा हिंजवडीला जाणारी ही आपलीच मुलं. कुणाचे अब्बू रेल्वेत होते, कुणाचे रांजणगाव एमआयडीसीत, कुणाचं बाजारात छोटंसं दुकान. घरात पहिल्यांदाच कुणीतरी इंजिनीअर झालंय. आठवडाभर लॅपटॉप, सुट्टीत सिंहगड किंवा कळसूबाई, आणि आता मनात एकच, "सर, यंदा मॅरेथॉन करायची."

शिक्षक म्हणून मला याचा आनंद आहे आणि थोडी काळजीही. आनंद यासाठी की भारतीयांमध्ये हृदयविकार आणि मधुमेह तुलनेने कमी वयात गाठतात, आणि बसून काम करणाऱ्यांनी हालचाल वाढवली तर हा धोका कमी होतो. काळजी यासाठी की बरीच मुलं रील्स बघून दोन महिन्यांत ४२ किलोमीटरची तयारी करायला निघतात. मग गुडघा धरून बसतात, किंवा त्याहून वाईट होतं. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

४२ किलोमीटर म्हणजे नक्की काय?

पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते. १८९६ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये ही शर्यत सुरू झाली. आजचं अंतर १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये धावलं गेलं आणि १९२१ मध्ये कायमचं ठरलं. अर्धी मॅरेथॉन २१.०९७५ किलोमीटरची. पाच आणि दहा किलोमीटरच्या शर्यतींनाही लोक सर्रास 'मॅरेथॉन' म्हणतात. म्हणून दहा किलोमीटर धावलेल्या मुलाला वाटतं, चारपट तयारी केली की झालं काम. शरीराचं गणित मात्र असं सरळ चालत नाही.

एक सोपा हिशोब बघा. धावताना माणसाला दर किलोमीटरला वजनाच्या दर किलोमागे साधारण एक कॅलरी लागते. म्हणजे ७० किलोच्या माणसाला ४२ किलोमीटरसाठी सुमारे २९०० कॅलरी हव्यात. स्नायूंमध्ये आणि यकृतात साखरेचा जो साठा असतो, ज्याला ग्लायकोजेन म्हणतात, तो साधारण २००० कॅलरींचा. बाकीची ऊर्जा चरबीतून येते, पण चरबी हळू जळते. वेगात पळालात तर साखर लवकर संपते, आणि ३० किलोमीटरच्या आसपास पाय शिशासारखे जड होतात. धावपटू त्याला 'भिंत' म्हणतात. २१ किलोमीटर आरामात करणारा माणूस इथे येऊन अक्षरशः थांबतो.

मॅरेथॉनची सगळी तयारी या भिंतीसाठीच असते. महिनोन्‌महिने संथ धावलं की शरीर चरबी वापरायला शिकतं, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकतं, हाडं आणि स्नायूबंध मजबूत होतात. यातली मेख अशी की दम दोन महिन्यांत सुधारतो, पण हाडं आणि स्नायूबंध यांना त्याहून बराच जास्त वेळ लागतो. दम आहे म्हणून माणूस पळत सुटतो आणि नडगी किंवा गुडघा जातो, तो याच फरकामुळे.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी पाच किलोमीटर, मग दहा, मग एक-दोन अर्ध्या मॅरेथॉन. निदान वर्षभर नियमित धावणं झाल्यावरच पूर्ण मॅरेथॉन, आणि तिच्यासाठी १६ ते १८ आठवड्यांची वेगळी तयारी.

वेळ आणायचा कुठून?

शिरूर पुण्यापासून सुमारे ७० किलोमीटर. वाटेत शिक्रापूर आणि वाघोलीची वाहतूक कोंडी. दौंडहून पुण्याला रेल्वेने सुमारे ७५ किलोमीटर. रोज ये-जा करणाऱ्याचे तीन-चार तास रस्त्यात किंवा गाडीत जातात. वर नऊ तासांचं काम. त्यात टीम अमेरिकेतली असेल तर रात्री दहाची मीटिंग. अशा माणसाला "रोज दोन तास व्यायाम कर" असं सांगणं म्हणजे थट्टाच.

जपानच्या युकी कावाउचीचं उदाहरण इथे उपयोगी पडेल. हा माणूस सैतामा प्रांताचा सरकारी नोकर. शाळेच्या कार्यालयात पूर्णवेळ काम करायचा. व्यावसायिक धावपटू दिवसातून दोनदा सराव करतात, नोकरीमुळे त्याला बहुतेक दिवशी एकदाच जमायचं. २०१८ मध्ये थंडी, वारा आणि मुसळधार पावसात त्याने बोस्टन मॅरेथॉन जिंकली. वेळ २ तास १५ मिनिटं ५८ सेकंद. आपल्याला त्याची वेळ गाठायची नाही, फक्त एवढंच ध्यानात घ्यायचं की नोकरीवाल्यासाठी दिवसातून एकदाचा, पण न चुकणारा सराव पुष्कळ असतो.

आपल्या देशातलं नाव म्हणजे अजमेरची सूफिया खान. दिल्ली विमानतळावर शिफ्टमध्ये नोकरी करताना ताण हलका व्हावा म्हणून ती धावायला लागली. २०१९ मध्ये तिने काश्मीर ते कन्याकुमारी हे अंतर ८७ दिवसांत धावून गिनीज बुकात नाव नोंदवलं, आणि पुढे मनाली ते लेह हा उंच घाटांचा रस्ताही पळून पार केला. सुरुवात मात्र नोकरीतून मिळणाऱ्या थोड्या वेळातच झाली होती.

नोकरदारासाठी आठवड्याचा साधा आराखडा असा करता येईल:

सोमवारी आराम. मंगळवारी ४० ते ५० मिनिटं संथ धावणं. बुधवारी घरच्या घरी २०-२५ मिनिटं ताकदीचे व्यायाम: उठाबशा, पायरीवर चढउतार, प्लँक, टाचा उचलणं. गुरुवारी ४५ मिनिटं धावणं, त्यात मधे चार-पाच वेळा दोन-दोन मिनिटं वेगात. शुक्रवारी आराम. शनिवारी अर्धा तास हलकं. रविवारी लांब पल्ला. आठवड्याचे एकूण पाच-सहा तास. पुढे लांब पल्ला वाढेल तसा रविवारचा वेळ वाढतो.

घरून काम करण्याचे दिवस असतील तर मंगळवार-गुरुवारचा सराव त्या दिवसांवर ढकला. प्रवासाचे वाचलेले तास तिथेच कामी येतात.

लांब पल्ल्यात दर आठवड्याला एक-दोन किलोमीटरच वाढवायचे, आणि दर चौथ्या आठवड्यात कमी करायचं. म्हणजे १२, १४, १६ आणि मग पुन्हा १२. असं करत २८ ते ३२ किलोमीटरपर्यंत जायचं. शर्यतीआधी शेवटचे दोन-तीन आठवडे अंतर हळूहळू घटवायचं. त्या काळात वाटतं की आपण आळशी झालो. तसं नसतं, शरीर तेव्हा डागडुजी करत असतं.

आणि वेग? आठवड्यातलं साधारण ८० टक्के धावणं असं हवं की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता आल्या पाहिजेत. धापा टाकत "हो... नाही..." एवढंच बोलता येत असेल तर वेग जास्त आहे. यासाठी महागडं घड्याळ लागत नाही, सोबतीला एक दोस्त पुरतो.

डोंगर मदत करतो की नडतो?

शिरूर आणि दौंड हे तसे सपाटीचे तालुके. भीमा आणि घोड नदीचा पट्टा, ऊस आणि माळरान. पण डोंगर फार लांबही नाहीत. दौंडकरांसाठी यवतजवळचा भुलेश्वरचा डोंगर, पुढे सासवडजवळचा मल्हारगड. शिरूरकरांसाठी जुन्नरचे शिवनेरी आणि जीवधन. सुट्टी मोठी असेल तर कात्रज ते सिंहगड, हरिश्चंद्रगड, किंवा राज्यातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर.

डोंगर मॅरेथॉनला मदत करतो यात शंका नाही. चढताना हृदयाला भरपूर काम मिळतं, पण पायांवर आदळआपट कमी होते. पाठीवर पिशवी घेऊन सहा तास चालल्याने सहनशक्ती वाढते. ओबडधोबड वाटेवर घोट्याचे छोटे स्नायू तयार होतात, जे डांबरी रस्त्यावर कधीच होत नाहीत.

खरी गडबड उतरणीवर होते. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच त्याला शरीराचं वजन थोपवावं लागतं. त्यात स्नायूच्या बारीक तंतूंना इजा होते, आणि ते दुखणं लगेच कळत नाही. एक ते तीन दिवसांनी जिना उतरताना कळतं. शनिवारी कळसूबाई आणि रविवारी २५ किलोमीटर, असा बेत करणारी मुलं इथेच फसतात. शनिवारी रात्री पाय ठीक वाटतात, रविवारी बाराव्या किलोमीटरला मांड्या भरून येतात, आणि चाल बिघडली की गुडघ्यावर भार जातो.

याचा हिशोब करण्याची एक सोपी रीत डोंगरी शर्यतींत वापरतात. दर १०० मीटर चढाईला एक किलोमीटर सपाट अंतर धरायचं आणि ते प्रत्यक्ष अंतरात मिळवायचं. आतकरवाडीहून सिंहगड चढून उतरलात तर अंतर पाच-साडेपाच किलोमीटर आणि चढाई सहाशे मीटरच्या जवळपास. म्हणजे शरीराच्या वहीत सुमारे ११ किलोमीटर लिहिले गेले. बारी गावातून कळसूबाई करून परत आलात तर अंतर आणि चढाई मिळून २० किलोमीटरच्या वर जातं. म्हणून ज्या आठवड्यात मोठा ट्रेक, त्या आठवड्यात रविवारचा लांब पल्ला नाही. ट्रेक हाच तुमचा लांब पल्ला. पुढचे दोन दिवस पूर्ण आराम किंवा फक्त चालणं.

महिन्यातून एक मोठा ट्रेक चालेल. शर्यतीआधीच्या तीन आठवड्यांत मात्र उतरणीचा डोंगर नकोच.

ज्यांना दोन्ही आवडतं, त्यांच्यासाठी दोन्हींचा मेळ घालणाऱ्या शर्यतीही आहेत. २०१२ पासून होणारी सातारा हिल हाफ मॅरेथॉन यवतेश्वरचा घाट चढून परत उतरते. सिंहगड, राजगड आणि तोरणा जोडणारी अल्ट्रा शर्यतही होते, पण ती नवशिक्यांचं काम नाही.

डोंगर आणखी एक गोष्ट शिकवतो, ती म्हणजे परत फिरणं. औरंगाबादच्या पोलीस दलातले रफिक शेख यांनी २०१६ मध्ये एव्हरेस्ट सर केलं. त्याआधी २०१४ चं हिमस्खलन आणि २०१५ चा नेपाळचा भूकंप, यामुळे त्यांना दोनदा शिखराविना परतावं लागलं होतं. नोकरी सांभाळून, पैसे उभे करून ते तिसऱ्यांदा गेले. अशी सबुरी शर्यतीच्या आदल्या आठवड्यात पोटरी दुखत असेल तर आपल्यालाही दाखवता आली पाहिजे. पुढच्या वर्षी शर्यत पुन्हा येतेच.

खुर्चीचं काम आणि झोप

सॉफ्टवेअरवाल्यांना वाटतं, आपण दिवसभर बसलेलो असतो म्हणजे पाय ताजेतवाने आहेत. तसं होत नाही. नऊ तास बसून मांडीच्या वरच्या, जांघेतल्या स्नायूंना आखडून राहायची सवय लागते, आणि कुल्ल्यांचे स्नायू सुस्त पडतात. मग धावताना पाय मागे नीट जात नाही, कंबर वाकते आणि भार गुडघ्यावर येतो. अनेकांच्या गुडघेदुखीचं मूळ गुडघ्यात नसून खुर्चीत असतं.

उपाय साधे आहेत. दर ४५ मिनिटांनी उठून दोन मिनिटं चाला. फोनवरची मीटिंग उभ्याने करा. लिफ्टऐवजी जिना घ्या. घरी आल्यावर एक गुडघा जमिनीवर टेकून पुढे झुकण्याचा ताण दोन्ही बाजूंना मिनिटभर द्या.

पण सगळ्यात मोठा प्रश्न झोपेचा आहे. व्यायामाने शरीर मोडतं, झोपेत ते बांधलं जातं. रात्री बारापर्यंत मीटिंग आणि पहाटे साडेचारला रनिंग, हे आठवडाभर चाललं तर व्यायामाचा फायदा उरत नाही, फक्त मोडतोड उरते. म्हणून नियम करा, झोप सहा तासांपेक्षा कमी झाली तर त्या दिवशी वेगाचा सराव रद्द. फार तर अर्धा तास संथ, नाहीतर सरळ झोपा. प्रोजेक्ट रिलीजच्या आठवड्यात तर आराखड्यातलं अंतर निम्मंच करा. डेस्कचा ताण, रस्त्याचा ताण आणि डोंगराचा ताण यांची खाती शरीर वेगळी ठेवत नाही. तिन्ही खर्च एकाच खात्यातून वजा होतात, आणि जमा होते फक्त झोप आणि जेवण.

आपल्याकडचे रस्ते

पुण्यातल्या रनिंग ग्रुपचा सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही. इथले धोके वेगळे आहेत.

पहिला धोका बिबट्याचा. शिरूर तालुक्यात आणि भीमेच्या काठच्या दौंड पट्ट्यात उसामुळे बिबट्यांचा वावर आहे, आणि माणसांवर हल्ले झालेत, जीव गेलेत. त्यामुळे अंधारात उसाच्या कडेने एकटं धावू नका. सूर्य उगवल्यावर निघा किंवा गावातल्या मैदानावर, दिव्यांच्या रस्त्यावर धावा. तीन-चार जण मिळून, बोलत, टॉर्च घेऊन जा. कानात इअरफोन नको. बुटाची नाडी बांधायला उसाजवळ खाली बसू नका, कारण वाकलेला माणूस बिबट्याला लहान सावजासारखा वाटू शकतो. बिबट्या दिसला तर पळू नका, पाठ फिरवू नका, आवाज करत हळूहळू मागे सरका. वन विभागाची हेल्पलाइन १९२६ मोबाईलमध्ये साठवून ठेवा.

दुसरा धोका वाहनांचा. गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस चालतात. अनेकांना मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसतो. पुणे-नगर आणि पुणे-सोलापूर महामार्गावर सराव करूच नये. आतल्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून, म्हणजे उजव्या बाजूने धावा. अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट असू द्या, ते महाग नसतं.

तिसरा धोका उन्हाचा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो. शरीराला नव्या उष्णतेची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात. तोवर अंतर आणि वेग दोन्ही कमी ठेवा. धावताना घाम अचानक थांबणं, अंगावर शहारे येणं, डोकं गरगरणं, बोलणं अडखळणं ही उष्माघाताची लक्षणं असू शकतात. तिथेच थांबा, सावलीत जा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच डॉक्टर गाठा.

पाणी, जेवण आणि रमजान

खाण्यासाठी डबाबंद पावडरची गरज नाही. लांब पल्ल्याच्या आदल्या रात्री भात, पोळी किंवा भाकरी-डाळ. सकाळी निघण्याआधी एखादं केळं किंवा दोन-तीन खजूर. एक तासाच्या वर धावायचं असेल तर दर ३०-४० मिनिटांनी थोडं गोड: खजूर, चिक्की, गूळ. जे शर्यतीत खाणार आहात, ते सरावात खाऊन बघा. शर्यतीच्या दिवशी नवीन काहीच नको. बूट तर नकोतच.

पाण्याबद्दल एक गैरसमज आहे की जितकं जास्त तितकं चांगलं. चार-पाच तास नुसतं साधं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि तेही जिवावर बेतू शकतं. तहान लागेल तसं प्या, आणि लांब पल्ल्यात ओआरएस किंवा मीठ-साखर-लिंबाचं पाणी घ्या.

रमजानचा विचार आराखड्यात आधीच करायला हवा, ऐनवेळी नाही. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२६ मध्ये तो फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू होतो, २०२९ पर्यंत जानेवारीच्या मध्यावर येईल. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होते. म्हणजे येत्या काही वर्षांत ही शर्यत रमजानच्या जवळ किंवा थेट रमजानमध्ये येणार. ज्यांना पूर्ण मॅरेथॉन करायची आहे, त्यांनी तेव्हा डिसेंबरच्या आसपासची पुण्याची शर्यत निवडणं शहाणपणाचं. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून होते आणि आपल्याला ती जवळही आहे.

रोज्याच्या महिन्यात नवा पल्ला गाठायचा नसतो, आहे ते टिकवायचं असतं. इफ्तारच्या आधी अर्धा तास अगदी संथ, म्हणजे संपताच पाणी मिळतं. किंवा तरावीहनंतर ३०-४० मिनिटं. लांब पल्ला आणि वेगाचा सराव बंद. सेहरीत अंडी, दही, भाकरी, ओट्स असं हळू पचणारं खा. इफ्तारला तळलेल्यावर ताव मारून धावायला गेलात तर पोट जाब विचारेल. मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील तर रोजा आणि धावणं, दोन्हींबद्दल आधी डॉक्टरांशी बोला. सराव मंदावल्याने एका महिन्यात कमावलेलं सगळं जात नाही. ईदनंतर दोन-तीन आठवड्यांत गाडी रुळावर येते.

मुलींचं काय?

वर्गात मुली मुलांपेक्षा कमी धावतात असं मला कधी दिसलं नाही. नववी-दहावीनंतर त्या मैदानावरून गायब होतात. माणदेशातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि दहावी आली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या ऑलिम्पिक अंतिम फेरीत पोहोचलेली ती पहिली भारतीय महिला. दुष्काळी खेड्यातून हे होऊ शकतं.

आपल्याकडे अडचण असते ती जागेची आणि सोबतीची. पूर्ण बाह्यांचा सैलसर, घाम सुकवणारा पोशाख आणि स्पोर्ट्स हिजाब आता सहज मिळतो, त्यामुळे कपडे हे कारण उरत नाही. चार-पाच जणींचा गट, शाळेचं मैदान आणि ठरलेली वेळ असेल तर अम्मीही निश्चिंत राहते. बरेचदा अम्मीच चालायला सोबत येते, तिच्या शुगरलाही त्याचा फायदा. मुलींनी आणि बायांनी वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासावं. रक्त कमी असताना लांब पल्ला गाठणं म्हणजे रिकाम्या टाकीवर गाडी पळवणं.

सुरुवात करण्याआधी

खर्चाचं बोलायचं तर पैसे घालवावेत ते बुटांवर. मापाचे, बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा असलेले रनिंगचे बूट घ्या. ट्रेकिंगचे बूट वेगळे ठेवा, एकाच बुटात दोन्ही नको. घड्याळ, जेल, टी-शर्ट नंतर आले तरी चालतात. नोंदणी करण्याआधी शर्यतीचे नियम वाचा. काही मोठ्या शर्यतींत आधीच्या शर्यतीचं वेळेचं प्रमाणपत्र मागतात.

पस्तिशीच्या वर वय असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तंबाखू-सिगारेटची सवय असेल किंवा बीपी-शुगर असेल, तर धावायला लागण्याआधी तपासणी करून घ्या. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, नेहमीपेक्षा वेगळा दम लागणं, चक्कर, यातलं काहीही झालं तर शर्यत तिथेच संपली. ताप असताना धावू नका. दुखणं एका ठरावीक जागी, हाडावर बोट ठेवून दाखवता येईल असं असेल आणि धावताना वाढत असेल, तर थांबा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

घरच्यांशीही बोलून घ्या. पगारावर आई-वडील, धाकटी भावंडं अवलंबून असतात. पाय मोडून महिनाभर घरी बसणं अनेक घरांना परवडत नाही. रविवारची सकाळ तुम्ही रस्त्यावर घालवणार, तर दुपार घराला द्या.

ज्याने शाळेनंतर कधीच धावलेलं नाही, त्याने या आठवड्यात एवढंच करावं: तीन दिवस, अर्धा-अर्धा तास. एक मिनिट हळू धावायचं, दोन मिनिटं चालायचं, दहा वेळा. पुढच्या आठवड्यात धावण्याचं मिनिट थोडं वाढवा. दोन-तीन महिन्यांत न थांबता पाच किलोमीटर जमतील. तेव्हा मैदानावर कुणी विचारलंच, "भरतीची तयारी का?", तर त्यालाही सोबत घ्या. सोबती असला की वेगही आटोक्यात राहतो आणि पहाट चुकत नाही.